सेकंडहँड मशीन रिकॉलमध्ये निघाले तर : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी आलेले मराठी कुटुंब पहिल्या काही महिन्यांत घरातली मोठी यंत्रे सहसा सेकंडहँडच घेते. परतीच्या वाटेवर असलेल्या कुणाचे तरी वॉशिंग मशीन व्हॉट्सअ‍ॅप गटावर साठ पौंडांत मिळते, फ्रिज चॅरिटी शॉपमधून येतो, आणि कपडे वाळवण्याचा टम्बल ड्रायर आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला असतो. नोव्हेंबरात स्टँडवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहू लागले की तो ड्रायर मुळात कुठून आला, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कुणी नसते.

अशा यंत्राचा सुरक्षिततेच्या कारणावरून रिकॉल झाला असेल, म्हणजे उत्पादक कंपनीने ते धोकादायक ठरवून परत मागवले असेल, तर आपण काय करावे आणि कुणाकडे काय मागावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. कायद्याची माहिती मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सची आहे; स्कॉटलंड किंवा उत्तर आयर्लंडमध्ये महत्त्वाचा फरक आहे तेथे तसे नमूद केले आहे.

आधी हे प्रकरण समजून घ्या

या देशातला सर्वांत गाजलेला रिकॉल व्हर्लपूल कंपनीच्या ड्रायरचा आहे. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात बनलेल्या आणि हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा, स्वान व प्रोलाइन या नावांनी विकल्या गेलेल्या काही ड्रायरमध्ये कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू तापणाऱ्या भागावर पडून पेट घेऊ शकतात, असे कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. बाधित ड्रायरची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती. तंत्रज्ञ घरी येऊन मोफत दुरुस्ती करेल असे सांगण्यात आले, पण रांग इतकी मोठी होती की लोकांना कित्येक महिने वाट पाहावी लागली आणि तोवर ‘घरात कुणी जागे असताना वापरायला हरकत नाही’ असा सल्ला मिळत राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या अठरा मजली इमारतीत आग लागली. तिचे मूळ असा एक ड्रायर असल्याचे अग्निशमन दलाच्या तपासात निघाले. ट्रेडिंग स्टँडर्ड्स या, ग्राहक संरक्षणाचे नियम राबवणाऱ्या स्थानिक सरकारी यंत्रणेने हस्तक्षेप केल्यानंतर, २०१७ च्या सुरुवातीला, तो सल्ला बदलून ‘प्लग काढा आणि वापरू नका’ असा झाला. पूर्ण रिकॉल व्हायला मात्र जुलै २०१९ उजाडावा लागला, आणि तेव्हाही दुरुस्त न झालेले सुमारे पाच लाखांपर्यंत ड्रायर लोकांच्या घरांत असावेत असा अंदाज होता.

त्यापाठोपाठ त्याच कंपनीच्या वॉशिंग मशीनचा रिकॉल आला. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१८ या काळात बनलेल्या काही हॉटपॉइंट आणि इंडेसिट यंत्रांच्या दाराच्या लॉकमधला एक भाग, पाणी तापवणारी कॉइल चालू झाली की, क्वचित प्रसंगी अतितप्त होऊ शकत होता. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या अशा यंत्रांची संख्या सुमारे ५ लाख १९ हजार होती.

सेकंडहँड घेणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीची पत्रे आणि ईमेल पहिल्या, नोंदणी केलेल्या ग्राहकाकडे जातात. तो घर बदलतो, मशीन विकतो, देश सोडतो. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि यंत्र आपल्या स्वयंपाकघरात चालू राहते. रिकॉल जाहीर होऊनही लाखो यंत्रे सापडत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून आपल्याला कुणी कळवेल ही अपेक्षा सोडून शोध आपणच घ्यायचा असतो.

दोन वेगळे हक्क, दोन वेगळी माणसे

नव्याने आलेल्यांचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. रिकॉलमधून मिळणारी दुरुस्ती किंवा बदली उत्पादक कंपनीकडून मिळते आणि ती यंत्राच्या नंबरशी जोडलेली असते. तुम्ही ते कुणाकडून घेतले, कितीला घेतले, पावती आहे की नाही, याच्याशी तिचा सहसा संबंध नसतो. दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क मात्र ज्याने तुम्हाला यंत्र विकले त्याच्याविरुद्ध असतो, आणि तो विक्रेता व्यापारी आहे की तुमच्या-आमच्यासारखा खासगी माणूस आहे, यावर सगळे अवलंबून असते. एकाकडे जाऊन दुसऱ्याचा हक्क मागितला की नकार ठरलेला, आणि तो नकार योग्यही असतो. बरेच जण पहिल्या नकारावरच ‘सेकंडहँडला काही हक्क नसतात’ असे समजून थांबतात.

पायरी १ : यंत्र बंद करा

शंका आल्याबरोबर यंत्र बंद करून प्लग काढावा. ब्रिटिश स्वयंपाकघरात मशीन ओट्याखाली घट्ट बसवलेले असते आणि प्लगपर्यंत हात पोहोचत नाही. अशा वेळी ओट्यावरच्या भिंतीत त्या यंत्राचा स्वतंत्र स्विच बहुधा असतो, तो बंद करावा आणि त्यावर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घरातले दुसरे कुणी तो नकळत चालू करणार नाही. फ्रिजच्या बाबतीत मात्र आधी नंबर तपासण्याची पाच मिनिटे काढावीत, कारण अन्न वाया घालवण्याइतकी वेळ प्रत्येक वेळी येत नाही.

‘आपण घरात असताना लावू’ ही तडजोड करू नये. कंपनीच्या सूचनेत मर्यादित वापराची परवानगी लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी. वर सांगितलेल्या वॉशिंग मशीनसाठी २० अंश किंवा त्याखालच्या थंड धुण्याची मुभा होती, कारण त्यात कॉइल तापत नाही. आपल्या मनाने असे नियम तयार करू नयेत.

पायरी २ : नंबर शोधा आणि नीट वाचा

प्रत्येक यंत्रावर मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर असलेली पट्टी असते. वॉशिंग मशीन व ड्रायरमध्ये ती दार उघडल्यावर आतल्या कडेला, दाराच्या मागे किंवा यंत्राच्या पाठीवर सापडते. फ्रिजमध्ये बहुतेक वेळा भाजीच्या ट्रेजवळ आतल्या भिंतीवर असते. मॉडेलचे नाव पुरेसे नसते, कारण एकाच मॉडेलच्या हजारो यंत्रांपैकी विशिष्ट काळात बनलेलीच रिकॉलमध्ये असतात आणि तो काळ सिरीयल नंबरवरून कळतो.

माझाच अनुभव सांगतो. रेडिंगच्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात, पुण्याला परत निघालेल्या शेजाऱ्यांकडून आम्ही वॉशिंग मशीन घेतले होते. वर्षभराने रिकॉलची बातमी कानावर आली, तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून मी दारापाशी गुडघ्यांवर बसलो. पट्टीवर साबणाच्या पावडरचा पांढरा थर घट्ट बसलेला होता; ओल्या फडक्याने तो पुसून नंबर कंपनीच्या पानावर भरला आणि ‘तुमचे यंत्र बाधित नाही’ असे उत्तर आले. सुटकेचा श्वास टाकून चहा ठेवला. बायकोने सहज पट्टीचा फोटो मोठा करून पाहिला, तर मी जे ‘ओ’ हे अक्षर समजलो होतो ते शून्य होते. नंबर पुन्हा भरला, तेव्हा उत्तर उलटे आले. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो की पट्टीचा फोटो काढा, नंबर फोटोवरून भरा आणि दोनदा भरा.

व्हर्लपूलच्या ड्रायरबाबत आणखी एक खूण आहे. दाराच्या आत किंवा पाठीमागे हिरव्या ठिपक्याचे स्टिकर असेल, तर त्या ड्रायरची दुरुस्ती आधीच्या मालकाच्या काळात झालेली आहे. तरीही नंबर तपासावाच. स्टिकर पाहणे दोन सेकंदांचे काम आहे, तपासणी दोन मिनिटांचे.

पायरी ३ : कुठे तपासायचे

पहिली जागा उत्पादकाची स्वतःची वेबसाइट. दुसरी सरकारी यादी : जानेवारी २०१८ मध्ये स्थापन झालेले ‘ऑफिस फॉर प्रॉडक्ट सेफ्टी अँड स्टँडर्ड्स’ हे कार्यालय सर्व रिकॉल सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. तिसरी ‘इलेक्ट्रिकल सेफ्टी फर्स्ट’ ही धर्मादाय संस्था, जिच्या साइटवर विजेच्या उपकरणांचे रिकॉल शोधता येतात. यंत्र आज यादीत नसले तरी उद्या येऊ शकते, म्हणून ‘रजिस्टर माय अप्लायन्स’ या सेवेवर ते आपल्या नावाने नोंदवून ठेवावे. ही सेवा उपकरण उत्पादकांच्या संघटनेची आहे, मोफत आहे, आणि जुनी किंवा सेकंडहँड यंत्रेही तेथे नोंदवता येतात. नोंदणी झाली की पुढच्या सूचना जुन्या मालकाऐवजी तुमच्याकडे येतील.

एक इशारा देणे आवश्यक आहे. ‘तुमचे मशीन रिकॉलमध्ये आहे, बँकेचे तपशील द्या’ असा फोन किंवा संदेश आला तर तो बंद करावा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून तेथे फोन करावा. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते. तिच्यासाठी कार्डाचा नंबर लागत नाही.

पायरी ४ : उत्पादकाकडे मागणी नोंदवा

फोनवर किंवा ऑनलाइन अर्जात मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, आपला सध्याचा पत्ता आणि ‘मी या यंत्राचा सध्याचा मालक आहे, ते सेकंडहँड घेतले आहे’ एवढे स्पष्ट सांगावे. सेकंडहँड असल्याचे लपवू नये. त्याने हक्क कमी होत नाही, उलट नोंदीत जुन्या मालकाचे नाव का आहे याचा खुलासा आधीच होतो. पावती मागितली तर ती नसल्याचे सांगून पट्टीचा फोटो पाठवावा. मिळालेला संदर्भ क्रमांक, तारीख आणि बोललेल्या कर्मचाऱ्याचे पहिले नाव लिहून ठेवावे.

काय मिळेल, हे रिकॉलनुसार ठरते. व्हर्लपूलच्या ड्रायरच्या वेळी मोफत बदली, घरी येऊन मोफत दुरुस्ती, किंवा यंत्राच्या वयानुसार काही रक्कम परत, असे पर्याय देण्यात आले. वॉशिंग मशीनच्या वेळी दुरुस्ती किंवा बदली. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये रिकॉल झाल्यावर उत्पादकाने ग्राहकाला नेमके काय द्यावे हे कायद्यात कलमवार लिहिलेले नाही, ही या व्यवस्थेतली मला वाटणारी खरी उणीव आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाचा उत्पादन सुरक्षितता नियम लागू असल्यामुळे दुरुस्ती, बदली आणि परतावा यांपैकी साधारणतः किमान दोन पर्यायांतून निवड देणे तेथे बंधनकारक आहे. बेलफास्टमधल्या आणि बर्मिंगहॅममधल्या मराठी माणसाची स्थिती या एका मुद्द्यावर वेगळी आहे.

कंपनी टाळाटाळ करू लागली किंवा तारीख वारंवार पुढे ढकलू लागली, तर ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक मदतवाहिनीला ०८०८ २२३ ११३३ या मोफत नंबरवर फोन करावा. ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे सामान्य नागरिकाची तक्रार सहसा याच वाटेने जाते, थेट जात नाही. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा मागता येतो का, हे सुरुवातीलाच विचारावे. त्यात कमीपणा नाही.

पायरी ५ : विक्रेत्याकडून काय मागता येते

विक्रेता व्यापारी असेल, मग तो हाय स्ट्रीटवरचा जुन्या यंत्रांचा दुकानदार असो, चॅरिटी शॉप असो किंवा ऑनलाइन धंदा करणारा असो, तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सेकंडहँड मालालाही लागू होतो. माल समाधानकारक दर्जाचा असावा, अशी त्यात अट आहे आणि दर्जा ठरवताना सुरक्षितता विचारात घ्यावी असे कायद्याच्या मजकुरातच म्हटले आहे. वय आणि किंमत पाहून अपेक्षा कमी होतात. चाळीस पौंडांच्या ड्रायरवर ओरखडा असला किंवा तो थोडा मोठा आवाज करत असला तर तक्रार चालणार नाही. पण पेट घेण्याची शक्यता ही स्वस्तात घेतल्याबद्दल सोसायची गोष्ट नाही. दुकानात ‘आहे त्या स्थितीत विक्री’ अशी पाटी असली, तरी तिने हा हक्क जात नाही. दोष विक्रीपूर्वीच स्पष्टपणे सांगितला असेल, तर मात्र त्याच दोषासाठी नंतर भांडता येत नाही.

सदोष यंत्र ताब्यात आल्यापासून तीस दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानदाराला दुरुस्ती किंवा बदलीची एक संधी द्यावी लागते, आणि ती फसली तर किंमत कमी करून मागता येते किंवा यंत्र परत करता येते. पहिल्या सहा महिन्यांत दोष सुरुवातीपासूनच होता असे कायदा गृहीत धरतो. सेकंडहँड मालात एरवी खरा वाद असतो तो दोष आधी होता की वापराने झाला याचाच. रिकॉलमध्ये तो वाद जवळजवळ संपतो, कारण दोष कारखान्यातूनच आला हे उत्पादकाने स्वतः लेखी मान्य केलेले असते. दुकानदाराला पत्र लिहिताना रिकॉलच्या सूचनेची छापील प्रत जोडावी, ती याचसाठी.

दुकानदार ‘कंपनीकडे जा’ असे म्हणेल. कंपनीची मोफत दुरुस्ती लवकर मिळत असेल तर व्यवहार म्हणून ती स्वीकारायला हरकत नाही, पण दुकानदाराची जबाबदारी त्याने आपोआप संपत नाही, हे पत्रात एका वाक्यात नोंदवून ठेवावे. धोकादायक असल्याचे माहीत असताना, किंवा व्यवसाय करणारा म्हणून माहीत असायला हवे असताना, माल विकणे हा २००५ च्या उत्पादन सुरक्षितता नियमांखाली गुन्हा आहे आणि हे नियम वापरलेल्या मालालाही लागू आहेत. सौम्य शब्दांत याची आठवण करून दिली, की दुकानातली भाषा बरीचशी बदलते.

व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतले असेल, तर माल मिळाल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. किंमत शंभर पौंडांहून अधिक असून क्रेडिट कार्ड वापरले असेल, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो.

खासगी विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे. व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे काका किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरचा विद्यार्थी यांच्यावर दर्जाची जबाबदारी नसते. वस्तू वर्णनाप्रमाणे असावी आणि त्यांनी खोटे सांगू नये, एवढेच बंधन असते. म्हणून घेण्याआधी लेखी विचारावे : ‘काका, या मशीनचा रिकॉल झालाय का, तुम्ही तपासलंय का? पट्टीचा फोटो पाठवाल का?’ उत्तर खोटे निघाले तर तो संदेश तुमचा पुरावा असतो. उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर फोटोवरून आपणच तपासता येते, आणि तेही टेम्पो बोलावण्याआधी. एकच माणूस दर आठवड्याला चार फ्रिज विकायला काढत असेल, तर तो खासगी विक्रेता नव्हे. व्यापाऱ्याने स्वतःला साधा ग्राहक म्हणून दाखवणे बेकायदेशीर आहे.

पायरी ६ : यंत्र घरमालकाचे असेल तर

फर्निश्ड घरातले यंत्र तुमचे नसते, पण धोका तुमचा असतो. वापर थांबवून नंबराच्या फोटोसह घरमालकाला किंवा एजन्सीला ईमेल करावा. तोंडी सांगितलेले नंतर कुणालाच आठवत नाही. स्कॉटलंडमध्ये घरमालकाने पुरवलेली विजेची उपकरणे सुरक्षित असणे बंधनकारक असून त्यांची किमान पाच वर्षांतून एकदा तपासणी करावी लागते. दुरुस्ती होईपर्यंतच्या लाँड्रोमॅटच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्या भरून मिळतीलच असे नाही, पण मागण्यासाठी हातात असायला हव्यात.

पायरी ७ : नुकसान झाले असेल तर

आग किंवा धूर झाला असेल, तर आपण मूळ ग्राहक नाही म्हणून मागे हटू नये. १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष उत्पादनामुळे इजा झाली, किंवा घरगुती मालमत्तेचे २७५ पौंडांहून अधिक नुकसान झाले, तर उत्पादक जबाबदार असतो, आणि त्यासाठी यंत्र तुम्ही स्वतः नवे विकत घेतलेले असण्याची अट नाही. दावा तीन वर्षांत करावा लागतो. सेकंडहँड घेणाऱ्याला अडचणीचा ठरणारा नियम पुढचा आहे : ते यंत्र उत्पादकाने बाजारात आणल्याला दहा वर्षे उलटली असतील, तर या कायद्याखालचा दावा संपतो. बारा वर्षांचा ड्रायर फुकट मिळत असतानाही मी तो का घेत नाही, याचे एक कारण हेच आहे. जळालेले यंत्र विमा कंपनीने किंवा तज्ज्ञाने पाहीपर्यंत टाकू नये. रिकॉल माहीत असूनही वापर चालू ठेवला होता असे निघाले, तर विमा कंपनी अडचणीचे प्रश्न विचारू शकते.

पायरी ८ : पुढे देताना

दुरुस्त न झालेले यंत्र कुणालाही विकू नये आणि फुकटही देऊ नये. कंपनी बदली देते तेव्हा जुने यंत्र बहुधा स्वतःच घेऊन जाते. काउन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात नेऊन टाकणार असाल, तर दारावर जाड मार्करने ‘रिकॉल, वापरू नये’ असे इंग्रजीत लिहावे, कारण काही केंद्रांतून चालू दिसणारी यंत्रे पुन्हा विक्रीला जातात.

आमच्या मशीनचे लॉक तंत्रज्ञाने स्वयंपाकघरातच बदलून दिले आणि जाताना कामाचा कागद ठेवून गेला. दोन वर्षांनी ते मशीन नाशिकहून आलेल्या एका जोडप्याला दिले, तेव्हा तो कागद, पट्टीचा फोटो आणि कंपनीचा ईमेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रममध्ये ठेवला, आणि नोंदणी त्यांच्या नावावर बदलून घ्यायला सांगितले.